राहिलेली पात

1981 च्या मे महिन्यात जालना वेगळा जिल्हा झाला आणि त्याच वर्षीच्या सुगीत मी विळ्यानं डाव्या हाताचं बोट कापून घेतलं. अंबड तालुक्यातलं आमचं रान, बाजरीची कापणी चाललेली. नऊ वर्षांच्या पोरानं विळ्याला हात लावायचाच नव्हता. पण बायांच्या बरोबरीनं पात धरायची भारी हौस.

रक्त बघून मी बोंब ठोकली. शेजारच्या पातीतली मावशी, म्हणजे मजुरीला येणारी, नात्याची कुणी नव्हे, "काहून रडायलास? दाबून धर," म्हणत बांधाकडं पळाली. आली ती मूठभर दगडी पाला घेऊन. करवतीसारख्या कडांची ती खरखरीत पानं तिनं घागरीच्या पाण्यात खळाळली, तळहातावर चोळली, पिळली. काळपट हिरवा रस जखमेत उतरला तशी आग आग झाली. चोथा वर दाबून तिनं जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी आईनं धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला लावलंच. ते काही पाल्याचं काम नव्हे.

दगडी पाला म्हणजेच एकदांडी. लांब, बारीक दांड्यावर एकच फूल येतं. कंबरमोडीही म्हणतात. ही मुळात अमेरिकेतली. लिनियसनं तिला शास्त्रीय नाव दिलं ते 1753 साली. चरक-सुश्रुतांच्या गाठी ती पडली असण्याचं कारण नाही. प्रयोगशाळांनी उंदरांच्या जखमांवर तिचा रस लावून पाहिला तो फार पुढं. आपल्या बांधावर तिचा गुण आधी ओळखला तो विळा-खुरपं धरणाऱ्या हातांनीच, असं मी धरून चालतो. ते हात पोथीत कुठून येणार?

त्या संध्याकाळी आबांनी मजुरीची बाजरी मोजली. मावशीची पात अर्धी राहिली होती, म्हणून तिच्या पदरात अर्धीच पडली. का राहिली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चिंधीचं बोट वर धरून मीही तिथंच उभा होतो.

आता त्या रानात मोसंबी आहे. तणनाशकानं आळी स्वच्छ असतात; एकदांडी शोधायला विहिरीच्या दगडांपर्यंत जावं लागतं.

मावशी थकल्यावर एकदा भेटायला गेलो. बाजरीचं बोलायचं ठरवून गेलो होतो. तिला धड दिसत नव्हतं. माझा हात ओढून तिनं नेमकं तेच बोट चाचपलं.

"वण राहिला व्हय रे? पाला कमी पडला असंल."