खलपुरुषांची वही

गेल्या वर्षीं पावसाळा लागला तेव्हां आमच्या वसतिगृहांत एक वाचक-मंडळ निघालें. मंडळ हें नांव मोठें. सभासद आम्ही सारे आठ, नववीच्या वर्गांतले. मैदानांत पाणी सांचल्यामुळें खेळ बंद पडले होते, आणि वसतिगृहाच्या कपाटांत जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेच्या हॅरी पॉटर-कथेचे सातही भाग पडून होते. कांहीं इंग्रजी, कांहीं मराठी भाषांतराचे, पुठ्ठे निसटलेले. १९९७ पासून २००७ पर्यंत दहा वर्षें हे भाग एकामागून एक निघाले, आणि पहिल्या वाचकांनीं प्रत्येकाची वाट पाहिली. आम्हांला ते सगळे एकाच पावसांत मिळाले. एकानें वाचून दुसऱ्याच्या हातीं द्यावें, शनिवारीं अभ्यासाचा तास संपल्यावर भोजनगृहांत बसून बोलावें, आणि पुस्तकें बांधून घेण्यासाठीं दरमहा दहा रुपये वर्गणी जमवावी, असें ठरलें.

बोलणें पहिल्याच शनिवारीं भांडणावर आलें. कथेंतला सर्वांत दुष्ट कोण? जो तो आपल्या नावडत्या पात्राचें नांव घेऊन ओरडूं लागला. तेव्हां आमच्यांतल्या एकानें आपल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या भावाकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. जगभर अशा कथांचे जे चाहते आहेत त्यांचीं मंडळें असतात. आणि कोणता खलपुरुष केवळ वाईट, व कोणता उद्धाराच्या अगदीं पलीकडचा, हें ठरविण्यासाठीं त्यांनीं नियम बांधले आहेत. आम्हांला ती कल्पना फार आवडली. माझें अक्षर बरें म्हणून मला कारकून नेमलें, आणि हिशेबाची एक जाड वही खलपुरुषांच्या नांवें निघाली. दर खलपुरुषास एक पान. कारकुनानें मत देऊं नये, असेंहि ठरलें.

नियम म्हणजे चार प्रश्न होते. त्याचें कृत्य त्या कथेच्या जगांतल्या मापानें अत्यंत घोर आहे काय? (जेथें सगळेच तलवारी घेऊन हिंडतात तेथें एका खुनानें कोणी वेगळा ठरत नाहीं.) आपण काय करीत आहों हें त्याला कळत होतें काय, आणि न करण्याची मोकळीक त्याला होती काय? वाघावर, वेड्यावर किंवा मंतरलेल्या मनुष्यावर खटला चालत नाहीं. खरी माया, दया अगर पश्चात्ताप त्याला कधीं शिवला काय? आणि कथा त्याच्या दुष्टपणाकडे गंभीरपणें पाहते, कीं हंसण्यावारी नेते? बाळपणींचें दुःख ऐकून घ्यावें, परंतु तेवढ्यावर कोणास सोडूं नये, अशीहि एक पुरवणी होती. मला हे नियम अजूनहि वाईट वाटत नाहींत. ज्या दिवशीं ते आले त्या दिवसापासून आम्ही ओरडणें सोडून पानें उलटूं लागलों.

आणखी एक नियम आमचा स्वतःचा होता. ज्यानें तो भाग वाचला नसेल त्याच्यापुढें शेवट फुटूं नये म्हणून त्यानें तेवढा वेळ व्हरांड्यांत जाऊन बसावें. आमच्यांतला एक जण फार सावकाश वाचणारा. त्यानें पाळी शेवटची मागून घेतली होती. श्रावणापर्यंत बाकीच्या सर्वांचे सातही भाग वाचून झाले, आणि शनिवारचा बराचसा वेळ हा गृहस्थ व्हरांड्यांत पावसाकडे पाहत बसलेला असे. त्याला त्याचें कांहीं वाटत नसे. वर्गणीचा डबाहि त्याच्याच पेटींत असे, कारण सर्वांचा विश्वास होता.

पहिलें पान अर्थातच व्होल्डेमॉर्टचें. येथें वाद होणार नाहीं अशी अपेक्षा होती, पण झाला. त्याच्या आईनें त्याच्या बापाला वशीकरणाचें औषध पाजून लग्न केलें होतें. तेव्हां तो जन्मतःच प्रेमास असमर्थ असेल तर त्याचा दोष काय, असें एकानें विचारलें. हा प्रश्न आमच्या आधीं पुष्कळांस पडला होता, आणि २००७ सालीं खुद्द लेखिकेनें वाचकांस उत्तर दिलें होतें कीं तें केवळ सूचक आहे. आई जगली असती आणि तिनें त्याला वाढविलें असतें तर सारें निराळें झालें असतें. शिवाय हॅरीहि पोरकाच. त्यालाहि जिन्याखालच्या कपाटांत दिवस काढावे लागले. दोन बाळपणें शेजारीं शेजारीं ठेवून लेखिकेनें ती पळवाट बंद केली आहे. या कथेंत खून केल्यानें खुन्याचा आत्मा फाटतो, आणि तो सांधण्याचा एकच उपाय सांगितला आहे, पश्चात्ताप. त्याच्या वेदनेनें मनुष्य मरूंहि शकतो. अगदीं शेवटीं, ज्याचे आईबाप त्यानें मारले तोच हॅरी त्याला पश्चात्ताप करून पाहण्यास सांगतो. तो ऐकत नाहीं. सहा मतें विरुद्ध शून्य.

अंब्रिजबाईंचें पान त्याहून त्वेषानें भरलें. ती गुलाबी कपडे घालते, गोड हंसते, आणि शिक्षा म्हणून मुलाला अशा लेखणीनें लिहावयास लावते कीं अक्षरें त्याच्याच हातावर कोरलीं जावीं व शाई म्हणून त्याचेंच रक्त वापरलें जावें. पांचवा भाग निघाला तेव्हां, २००३ सालीं, स्टीफन किंग या भयकथाकारानें तिची गणना अलीकडच्या काळांतल्या थोर काल्पनिक खलपात्रांत केली होती. पहिल्या प्रश्नाच्या कांट्यावर तिचीं पापें व्होल्डेमॉर्टच्या मानानें हलकीं भरतात, तरी वाचक तिचाच अधिक तिटकारा करतात. मला वाटतें, व्होल्डेमॉर्ट कोणास भेटलेला नसतो. पांच विरुद्ध एक.

डार्थ वेडर हा आमच्या कपाटांतला नव्हे, चित्रपटांतला. पण त्याच्यासाठीं एकानें हट्ट धरला. १९८३ च्या चित्रपटांत तो आपल्या मुलाला वांचविण्यासाठीं आपल्या धन्यास उचलून खोल विवरांत फेकून देतो आणि मरतो. २००५ च्या चित्रपटांत मागची कथा आली, तींत तो लहान लहान शिष्यांची कत्तल करण्यास जातो. शेवटच्या पांच मिनिटांनीं तें धुऊन निघतें काय? उद्धार झाला म्हणजे हिशेब चुकता झाला असें नव्हे, एवढेंच ठरवून आम्हीं तें पान मिटलें.

स्नेपच्या पानाला मात्र तीन शनिवार लागले. सहाव्या भागांत, म्हणजे २००५ सालीं, त्यानें डंबलडोर या वृद्ध मुख्याध्यापकांस हॅरीच्या डोळ्यांदेखत ठार मारलें. सातवा भाग निघाला तो २००७ च्या जुलैंत. मधलीं दोन वर्षें जगांतले वाचक भांडत होते. तो द्रोही आहे असें म्हणणाऱ्यांपाशीं धडधडीत पुरावा होता. नाहीं म्हणणाऱ्यांपाशीं बहुतेक शंकाच होत्या. मग तेहतिसाव्या प्रकरणांत मरणाऱ्या स्नेपनें दिलेल्या आठवणी हॅरी पाहतो, आणि कळतें कीं तें मारणें डंबलडोर यांच्याच सांगण्यावरून होतें, आणि हॅरीच्या मृत आईवरील प्रेमापायीं त्यानें वर्षानुवर्षें शत्रूच्या गोटांत राहून जीव धोक्यांत घातला होता. म्हणून तो साधु ठरतो असेंहि नव्हे. ज्या भविष्यवाणीमुळें ती मेली, ती व्होल्डेमॉर्टच्या कानावर त्यानेंच घातली होती. आणि पुढें त्यानें त्याच्यापाशीं रदबदली केली ती तिच्या एकटीच्या जिवासाठीं, नवऱ्यासाठीं व मुलासाठीं नव्हे. वर्गांत तो नेव्हिल नांवाच्या भित्र्या मुलाचा इतका छळ करी कीं त्या मुलाला जगांत सर्वांत भय वाटे तें स्नेपचेंच. लेखिकेनेंहि २०१५ सालीं त्याला ना देवत्व दिलें ना राक्षसपण. आमच्या एका सभासदानें हात वर केलाच नाहीं. फळ्यापाशीं अडलेल्या मुलाची थट्टा करणारा मास्तर आपल्याला क्षमा करवत नाहीं, असें तो म्हणाला. आणि बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

त्याच रात्रीं कोणींतरी विचारलें, तें तेहतिसावें प्रकरण लिहिलेंच गेलें नसतें तर? आमचा म्होरक्या म्हणाला, “तर तो यादींत गेला असता. जें कथेंत दाखविलें नाहीं तें धरावयाचें नाहीं.” जगांतले चाहतेहि असेंच मानतात म्हणे, आणि पुस्तकापुरतें तें योग्यच आहे. मीं तो पांचवा नियम म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

एका मुलाचे आजोबा कीर्तनकार. त्यानें हरकत घेतली कीं आपल्याकडे रावण आणि हिरण्यकशिपु हे मुळांत जय-विजय, वैकुंठाचे द्वारपाल. शाप भोगून तेहि परत जावयाचे. मग पलीकडचा असा कोणी उरतोच कोठें? आमचे अधीक्षक फादर तेवढ्यांत दिवे मालवावयास आले होते. त्यांना विचारलें. त्यांनीं लूककृत शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय काढून दिला आणि ते निघून गेले. तेथें वधस्तंभावर चोर दोन आहेत. एकास सुखलोकाचें वचन मिळतें, दुसरा शेवटपर्यंत टोमणे मारतो. आम्हीं वाचलें, आणि दोघांनाहि आपापल्या बाजूचा पुरावा मिळाला.

शेवटचें मोठें पान पीटर पेटिग्र्यू, ऊर्फ वर्मटेल, याचें. हा जिवलग मित्रांना विकणारा. त्याच्यामुळें हॅरीचे आईबाप मेले, आणि त्याच्या अपराधासाठीं दुसरा मित्र बारा वर्षें तुरुंगांत सडला. तिसऱ्या भागांत हॅरीनें त्याला मरणांतून सोडविलें होतें. सातव्या भागांत तळघरांत तो हॅरीचा गळा दाबतो. हॅरी त्या उपकाराची आठवण देतो. आणि धन्यानें दिलेला तो चांदीचा हात क्षणभर सैल पडतो. तेवढ्या दयेबद्दल तो हात उलटून त्याचाच गळा घोटतो. क्षणभर! तेवढ्यानें तो यादींतून वगळावा काय? चार विरुद्ध दोन मतांनीं आम्हीं वगळला. दयेला लांबी नसते, असें एक जण बोलला, आणि आम्हांला स्वतःचा मोठा अभिमान वाटला.

सप्टेंबरच्या अखेरीस वर्गणीच्या डब्यांत तीनशें वीस रुपये असावयास हवे होते. डबा रिकामा निघाला. ज्याच्या पेटींत डबा होता त्याला विचारलें. तो म्हणाला, “मीं घेतले.” कशासाठीं, तें सांगितलें नाहीं. फादरांनीं त्याला आपल्या खोलींत बोलावून घेतलें, आणि बाहेर येऊन आम्हांला म्हणाले कीं विषय संपला.

आमचा संपला नव्हता. त्या शनिवारीं तो आला नाहीं. कोणीतरी हंसत म्हणाला, वहींत याचेंहि पान काढा. आणि मीं काढलें. चार प्रश्न क्रमानें विचारले गेले. आमच्या जगाच्या मापानें कृत्य घोर काय? विश्वासाचा पैसा, होय. त्याला कळत होतें काय? होय. पश्चात्ताप? “दाखविला नाहीं,” म्होरक्या म्हणाला, “नियम पांचवा.” सहा हात वर गेले. हंसणें मघाशींच थांबलें होतें. तरी हात वर गेले. नांवाच्या जागीं वर्मटेल लिहावें असें सुचविलें गेलें, आणि मीं तें माझ्या बऱ्या अक्षरांत लिहिलें. खालीं ‘उद्धाराच्या पलीकडचा’ असें लिहून मतें मांडलीं. मला मत नव्हतें. हें मीं त्या रात्रीं अंथरुणांत स्वतःला पुष्कळ वेळां सांगितलें. ज्या वर्मटेलला आम्हीं स्वतः एका क्षणाच्या दयेसाठीं सोडलें होतें, त्याचेंच नांव आपण शिक्षा म्हणून वापरलें, हें मात्र मला पुढें कितीतरी दिवसांनीं सुचलें.

त्याच्याकडे तेव्हां सातवा भाग होता, अर्धवट वाचलेला. तो परत मागावयास मलाच पाठविलें. त्यानें कांहीं न बोलतां दिला. वही मीं भोजनगृहाच्या टेबलावर विसरलों होतों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती मिळाली, पण मीं मिटून ठेवली होती आणि सांपडली ती त्या पानावर उघडी. वर्मटेल कोण हें त्याला माहीत होतें. तिसरा भाग त्यानें वाचला होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर डबा माझ्या पेटींत आला होता. एके दिवशीं त्यांत वीस रुपये अधिक निघाले. मला वाटलें, मोजण्यांत चूक. पुढल्या आठवड्यांत आणखी तीस. माझी पेटी बिनकुलपाची आहे हें सर्वांना ठाऊक होतें. रविवारीं आम्ही सारे फाटकाबाहेर वडे खावयास जात असूं, तेव्हां तो येत नसे. आमच्यावर रागावला आहे अशी आमची समजूत. नाताळच्या आधीं मोजले तेव्हां तीनशें वीस पुरे झाले होते. त्यानें चूक केली होती यांत मला तेव्हांहि शंका नव्हती व आज नाहीं. पण तेहतिसावें प्रकरण आमच्या डोळ्यांदेखत, दर आठवड्यास एक नोट, लिहिलें जात होतें, आणि आम्हीं पान आधींच मिटून टाकलें होतें.

मीं तें मंडळापुढें मांडलें. पान फाडावें असें मला वाटत होतें. म्होरक्या म्हणाला, फाडलें तर आपण तें केलेंच नव्हतें असें होईल, राहूं दे. त्याचें खरें होतें. मीं त्या पानाच्या तळाशीं तारीख घालून ‘रु. ३२० पूर्ण जमा’ असें लिहिलें, आणि त्याखालीं, कोणास न विचारतां, कारकुनाची सही केली. ती आधींच्या निकालाखालीं करावयाची राहून गेली होती. मग वही घेऊन त्याच्याकडे गेलों. त्यानें पान पाहिलें. पैसे कशाला लागले होते, तें मीं विचारलें नाहीं. मला क्षमा मागावयाची होती. शब्द नीट आले नाहींत, जे आले ते त्यानें ऐकून घेतले.

जानेवारींतल्या पहिल्या शनिवारीं तो भोजनगृहाच्या दारांत येऊन उभा राहिला. आम्ही त्या वेळीं क्रीचर या घरगड्याविषयीं बोलत होतों, आणि त्याला पाहतांच सगळे गप्प झाले. त्यानें विचारलें, “सातवा भाग सध्यां कोणाकडे आहे?”

तो कपाटांत होता. मीं काढून दिला. त्यानें खुणेसाठीं घातलेलें एसटीचें तिकीट अजून जागच्या जागीं होतें. तें पाहून तो म्हणाला, “मग तुमचें चालूं द्या,” आणि पुस्तक घेऊन व्हरांड्यांत जाऊन बसला.