बेशरमीचं पेर

पहिल्या वर्षी आम्ही बेशरम नावाचं झुडूप विळ्यांनी कापलं. अड्याळच्या शिवारातल्या जुन्या तलावाचा काठ दोन रविवारांत मोकळा झाला, काड्यांचा ढीग मात्र पाळीखालीच राहिला. आषाढात पाहिलं, तर ढिगातल्या काडीच्या पेरापेराला हिरवा कोंब आणि पांढरी मुळं. जिथं एक झुडूप होतं तिथं आम्हीच रान लावलं होतं.

जाळं सांधत बसलेले ढिवरकाका म्हणाले, “कापू नका जी, मुळासकट काढा. अन् इथं टाकू नका.”

आजही आमचं काम तेवढ्यावरच चालतं. वैशाखात पाणी उतरलं की माती ओलसर आहे तोवर हात घालायचा. टिकासानं बुंध्याभोवतीची माती सैल करायची, दोघांनी मिळून ओढायचं. मूळ तुटल्याचं हाताला कळतंच. मग पुन्हा खणायचं. काड्या पाळीपलीकडे कडक उन्हात वाळवून जाळायच्या. पावसाळ्यानंतर पुन्हा फेरी, दिवाळी झाली की पुन्हा.

आमचा हा तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं असे तलाव बांधले, राखले. 1951मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीवरून रोज फिरणारं, घूस लागली का, सांडवा बुजला का ते बघणारं माणूस राहिलं नाही. माझं मत सांगतो: आमचे तलाव पैशाअभावी जेवढे बिघडले, त्याहून जास्त या फेरीअभावी बिघडले.

नुसतं उपटूनही भागत नाही. मोकळ्या चिखलात दुसरं काही रुजलं नाही तर बेशरमच परत येते. अर्जुनी मोरगावकडे तलावांवर काम करणारे मनीष राजनकर आणि ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी वाट दाखवली आहे: तलावाचा तुकडा नांगरायचा आणि चांगल्या तलावातल्या गाद, चिऊल अशा पाणवनस्पती आणून लावायच्या. त्यांच्या आडोशाला मासे वाढतात, पाखरं उतरतात. आमची पहिली लावण गुरांनी तुडवली. दुसरी तगली. यंदा काठाशी देवधान, म्हणजे रानभात, निसवलं, तेव्हा काकांनी एक लोंबी तोडून न बोलता माझ्या हातावर ठेवली.

दक्षिणेकडच्या कोपऱ्यात बेशरम अजून उभी आहे. वैशाखात सकाळी सहाला आम्ही पाळीवर असतो. टिकास आमच्याकडे आहेत. तुम्ही दुपट्टा आणि पाणी घेऊन या, आणि पुढच्या वर्षीही या.