द्राक्षमळ्याच्या कडेची मजार

एजंटनं पाठवलेल्या कागदावर दहा रात्रींची आखणी होती. जोहान्सबर्ग, क्रूगर, केपटाऊन. सातव्या दिवसासमोर लिहिलं होतं: ‘वाइनलँड्स, पूर्ण दिवस, तीन ठिकाणी टेस्टिंग.’ मी पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. आपल्याला काय करायचंय तिकडे? आठवीतल्या आमच्या मुलाला सिंह बघायचेत, यांना समुद्र बघायचाय, मला टेबल माउंटन. वाइन कुणालाच नको.

अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो कागद चष्म्याजवळ धरून पाहिला. त्यांना इंग्रजी येत नाही, पण द्राक्षांच्या घडाशेजारचा ग्लास ओळखायला इंग्रजी लागत नाही. म्हणाल्या, “जनावरं आणि शराब. एवढा पैसा घालून हेच बघायचं? आधी उमरा करा, मग जग हिंडा.”

मी गप्प बसले. उत्तर नव्हतं असं नाही, पण त्या चुकीचंही बोलत नव्हत्या. हे पैसे आम्ही दोघांनी सहा वर्षं पगारातून बाजूला काढले आहेत. अम्मींचे गुडघे दर पावसाळ्यात थोडे जास्त दुखतात. क्रूगरचे हत्ती पुढच्या वर्षीही असतील. तवाफ करायला अम्मींचे पाय तेव्हा साथ देतील का, हे कोण सांगणार?

तरी तयारी चालू ठेवली. आम्हाला सुट्टी मिळते मे महिन्यात, आणि क्रूगरसाठी मे बरा निघाला. दक्षिण गोलार्धात तेव्हा शरद सरत असतो. पाऊस थांबलेला, गवत वाळू लागलेलं, जनावरं पाणवठ्याकडे येऊ लागलेली. मलेरियाचा भाग आहे, डॉक्टरांना विचारूनच जायचं, पण डासांचा जोर पावसाळ्यापेक्षा कमी. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालते, म्हणून हे खूश. अभयारण्यात डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचच्या आत कॅम्पच्या फाटकात परत यायचं. कॅम्पवर स्वयंपाकाची सोय मिळते, तेव्हा हलालचा प्रश्न मिटला. वाटेत पिवळ्या तापाच्या पट्ट्यातल्या एखाद्या देशात विमान बदलायला बारा तासांहून जास्त थांबलं, तर लसीचा दाखला लागतो. म्हणून तिकीट काढताना स्वस्ताईच्या आधी थांबा बघायचा, हेही कळलं.

मुलानं क्रूगरचा नकाशा भिंतीवर लावला. जवळजवळ २० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दुपटीहून मोठं जंगल. नकाशाच्या उत्तर टोकाला त्याला ‘माकुलेके’ हे नाव दिसलं, म्हणून आम्ही शोध घेतला. हे माणसांचं नाव निघालं. १९६९ मध्ये सरकारनं माकुलेके लोकांना तिथून उठवलं आणि त्यांची जमीन जंगलाला जोडली. वर्णभेद संपल्यावर त्यांनी दावा लावला आणि १९९८ मध्ये जमीन परत मिळवली. ती त्यांनी जंगल म्हणूनच राखली. मुलगा म्हणाला, “म्हणजे जनावरांसाठी माणसांना हाकललं?” मी म्हटलं, “जनावरांनी नाही हाकललं.”

त्या संध्याकाळपासून मी कागदावरच्या बाकीच्या ओळीही जरा वेगळ्या नजरेनं वाचू लागले.

केपटाऊनशी आम्हा कोकणी मुसलमानांचं नातं तसं जुनं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी-रायगडकडची माणसं तिथं गेली, दुकानं काढली. १९१३ च्या कायद्यानं नव्या हिंदी माणसांना दार जवळपास बंद झालं. पुढे भारतानंच वर्णभेदाच्या निषेधात संबंध तोडले आणि आपल्या पासपोर्टवर तो देश वर्ज्य असल्याचा शिक्का असायचा. १९९३ मध्ये संबंध पुन्हा जुळले. माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या आजींचे भाऊ ‘केपला’ होते. ‘केप’ म्हणजे मला गावाचं नाव वाटायचं, जिथून माणसं परत येत नाहीत.

पण त्याही आधी दोनशे वर्षं तिथं मुसलमान पोहोचले होते, आणि ते तिकीट काढून गेले नव्हते. डचांनी १६५८ मध्ये केपला गुलामांची पहिली मोठी जहाजं आणली. १६५९ मध्ये केपच्या द्राक्षांची पहिली वाइन झाली. या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून मी बराच वेळ बघत बसले. पुढे मादागास्कर, मोझांबिक, आजचा इंडोनेशिया, आणि आपल्याकडचे बंगाल, मलबार, कोरोमंडल इथून माणसं आणली गेली. कागदोपत्री त्यांच्या नावापुढे आडनाव म्हणून लागायचं ते गाव, ‘बंगालचा’, ‘मलबारची’. मळे खणले, वेली लावल्या, पिंपं भरली ती या हातांनी. त्यांतले कितीतरी हात नमाजसाठी बांधले जाणारे होते. गुलामी गेल्यावरही मळ्यांवर मजुरीचा एक भाग वाइनच्या रूपात देण्याची रीत राहिली. तिला ‘डॉप’ म्हणतात. कायद्यानं बंदी आली तरी ती कित्येक वर्षं चालली. पोटात असतानाच दारूची बाधा झालेल्या मुलांचं प्रमाण जगात ज्या भागांत सर्वांत जास्त नोंदलं गेलंय, त्यांत हा भाग येतो.

माझ्या पेनानं खोडलेल्या ओळीत हे सगळं होतं.

त्याच शोधात मला तुआन गुरू भेटले. टिडोर बेटावरचे हे आलिम. डचांनी १७८० मध्ये त्यांना रॉबेन बेटावर कैदेत टाकलं, त्याच बेटावर जिथं पुढे मंडेला अठरा वर्षं होते. तुआन गुरूंनी आठवणीतून अख्खं कुराण लिहून काढलं. सुटल्यावर १७९३ मध्ये डॉर्प स्ट्रीटवर मदरसा काढला, गुलामांच्या आणि मुक्त झालेल्यांच्या मुलांसाठी. १७९४ मध्ये तिथंच अव्वल मशीद उभी राहिली, दक्षिण आफ्रिकेतली पहिली. तिची जागा सार्ट्ये नावाच्या बाईनं दिली.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझी मुलं मराठी धड्याच्या समासात उच्चारासाठी उर्दू लिपीत मराठी शब्द लिहितात. सुरुवातीला मी रागवायचे. केपच्या मदरशांत मुलं आफ्रिकान्स भाषेतले धडे अरबी अक्षरांत लिहायची. अरबीत नसलेल्या आवाजांसाठी उस्तादांनी जादा टिंबं देऊन अक्षरं घडवली, जशी आपल्या उर्दूतही घडली. अबू बक्र एफेंदी या उस्मानी आलिमांचं अशा लिपीतलं पुस्तक १८७७ मध्ये इस्तंबूलला छापलं गेलं. ज्या भाषेच्या नावावर पुढे गोऱ्यांनी राज्य केलं, तिची सुरुवातीची पानं गुलामांच्या नातवंडांच्या वह्यांत आहेत. हे वाचल्यापासून मी समासातलं खोडायला लावत नाही.

शहराभोवती अशा बुजुर्गांच्या मजारींचं कडं आहे, तिथं त्यांना ‘क्रामत’ म्हणतात. त्यांतली एक कॉन्स्टान्शियाला आहे, शेख अब्दुर्रहमान मातेबे शाह यांची. सुमात्रावरून पकडून आणलेले, १६६८ च्या सुमारास इथं हद्दपार केलेले. मजार आहे क्लाइन कॉन्स्टान्शिया नावाच्या वाइन मळ्याच्या फाटकाजवळ. एका बाजूला वेली, एका बाजूला हिरवी चादर.

मग आम्ही हिशेब पुन्हा मांडला. दहा रात्रींच्या सात केल्या. क्रूगरबाहेरचा महागडा खासगी लॉज काढला, सरकारी कॅम्प ठेवला. वाचलेले पैसे अम्मींच्या उमऱ्याच्या नावानं वेगळे ठेवले आणि उरलेल्यासाठी शाळेतल्या बायकांच्या भिशीत नाव घातलं. रमजाननंतर अम्मी आणि मी जाऊ, इन्शाअल्लाह. अम्मींना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, “आधी ते झालं असतं तर बरं झालं असतं.” खरं आहे. मी वाद घातला नाही. माझ्याही मनात ती टोचणी आहे आणि ती विमानात माझ्याबरोबर बसणार आहे.

काल एजंटचा फोन आला. “मॅडम, वाइनलँड्स कॅन्सलच ना?”

“नाही,” मी म्हटलं, “अर्धा दिवस ठेवा. टेस्टिंग नको. क्लाइन कॉन्स्टान्शियाच्या फाटकापर्यंत गाडी हवी.”

“आत नाही जायचं? मग फाटकापाशी काय बघणार?”

मी त्याला मजारीचं नाव लिहून पाठवलं.