छत्तीस फ्रेम आणि आरा ग्युलेर यांचं इस्तंबूल

इस्तंबूलच्या गालाता पुलावर सकाळपासून माणसं गळ टाकून उभी असतात. कठड्याला टेकलेल्या काठ्यांची रांग, बादल्यांत वळवळणारे बारके मासे, चहाच्या पेल्यांचा ट्रे तोलत गर्दीतून वाट काढणारा पोऱ्या, वर समुद्रपक्ष्यांचा गलका. मागे मशिदींचे मिनार. पर्यटकांचे कॅमेरे बहुतेक मिनारांकडेच वळतात. माझ्या कॅमेऱ्यात मात्र ट्राय-एक्सचा काळा-पांढरा रोल होता. त्यात फ्रेम छत्तीसच, म्हणून त्या सगळ्या माणसांसाठी राखून ठेवल्या होत्या.

ही नजर आरा ग्युलेर यांची. १९२८ मध्ये याच शहरात एका आर्मेनियन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लायका कॅमेरा घेऊन ते १९५० च्या दशकात गोदीत, मच्छीमारांच्या होड्यांवर, तोफाने भागातल्या दारूच्या गुत्त्यांत हिंडले. बर्फातून जाणाऱ्या ट्राम आणि घोडागाड्या त्यांनी टिपल्या. आपली छायाचित्रं कला नव्हे, आपण वृत्तछायाचित्रकार आहोत, असं ते आग्रहाने सांगत. पुढे कादंबरीकार ओरहान पामुक यांनी इस्तंबूलवरच्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांची कितीतरी छायाचित्रं वापरली.

त्यांनी टिपलेलं पुष्कळसं आता उरलेलं नाही. त्यांच्या छायाचित्रांतला गालाता पूल पाण्यावर तरंगणारा होता, १९१२ मध्ये बांधलेला. १९९२ च्या आगीत तो जळाला. आजचा पूल १९९४ मध्ये पूर्ण झाला. शहराच्या युरोपीय बाजूच्या जुन्या ट्राम १९६१ मध्ये बंद पडल्या. इस्तिकलाल रस्त्यावर आज धावणारी लाल ट्राम १९९० मध्ये हौसेने पुन्हा सुरू केलेली आहे. तिच्या मागच्या दांड्याला लोंबकळणारी पोरं मात्र खरीखुरी, आणि एक फ्रेम त्यांच्यावर खर्च झाली याचा मला आनंद आहे.

रस्त्यावर फिल्मने काम करायची एक पद्धत आहे आणि ती इस्तंबूलच्या उन्हाला छान मानवते. ४०० आयएसओची फिल्म, लख्ख ऊन, अ‍ॅपर्चर एफ-१६, शटर १/५००. ३५ मिलिमीटरच्या लेन्सचा फोकस अडीच मीटरवर लावून ठेवला, की साधारण सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग यंत्राशी झटापट उरत नाही. सिमिट म्हणजे तिळाचे कड्यासारखे पाव विकणारा डोक्यावरची परात सावरत वळला, की कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि बटण दाबायचं. मागे पडदा नसल्यामुळे काय आलं ते बघता येत नाही. नजर रस्त्यावरच राहते, आणि पुढची घटना हुकत नाही. फिल्मचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा हाच.

गल्ल्यांत सावली दाट. तिथे अ‍ॅपर्चर उघडावं लागतं, फोकसही मोजून लावावा लागतो. पुलावर मान हलवून, हसून कोळ्यांची आधी परवानगी घेतली. एकाने नको म्हणून हात हलवला, कॅमेरा खाली घेतला.

सिर्केजी स्थानकाच्या परिसरात हय्याम पासाजी नावाचं कॅमेऱ्यांच्या दुकानांचं संकुल आहे. काचेआड जुने सोव्हिएत झेनिट, लेन्स, चामडी पट्टे. फिल्मवाल्या प्रवाशाने तिथे अर्धा दिवस राखून ठेवावा.

मुंबई आणि हे शहर जोडणारा एक रोलही आहे. कोडॅकने २००९ मध्ये कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म बंद केली, तेव्हा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला. त्याच छत्तीस फ्रेममध्ये मुंबईचे चित्रपट कलावंत आहेत आणि इस्तंबूलचे म्हातारे ग्युलेरही.

ग्युलेर यांच्या नावाचं संग्रहालय शिश्ली भागात, जुन्या बिअर कारखान्याच्या आवारात, २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या नव्वदाव्या वाढदिवशी उघडलं. दोनच महिन्यांनी ते गेले. मागे उरल्या लाखो निगेटिव्ह आणि पारदर्शिका.

फिल्म घेऊन प्रवासाला निघणाऱ्यांनी विमानतळावर रोल हाताने तपासून मागावेत. नव्या सीटी स्कॅनरमुळे न धुतलेली फिल्म खराब होते. आणि परतल्यावर एक रोल आपल्या गावच्या आठवडी बाजारावर, एसटी स्टँडवर, सलूनवर खर्च करा. निगेटिव्हच्या पाकिटावर जागा आणि तारीख लिहा, आणि स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह टाकून देऊ नका.