एक वायर इकडची तिकडे

सर्किटमधला एकही भाग बदललेला नव्हता. ७४१ आयसी तोच, बीडी १३९ आणि बीडी १४० ही ट्रान्झिस्टरची जोडी तीच, आठ ओहमचा स्पीकरही तोच. एका रेझिस्टरचं टोक आयसीच्या सहा नंबरच्या पायावरून काढलं, दोन्ही ट्रान्झिस्टर जिथे स्पीकरला मिळतात तिथे लावलं, आणि फाटका आवाज क्षणात स्वच्छ झाला! टोक पुन्हा जुन्या जागी लावलं. फाटला. पुन्हा पुढे नेलं. स्वच्छ! लाखनीतल्या माझ्या टेबलावर हा खेळ त्या रात्री संपतच नव्हता.

आधी तो फाटत का होता, ते बघा. मी मोबाइलवरून २०० हर्ट्‌झचा शुद्ध सूर सोडला होता. लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो, खालचा दुसरा. पण सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय दोघांपैकी एकही जागा होत नाही. त्यामुळे लाट शून्यावरून जाते तेव्हा दोघेही गप्प. आवाज अगदी हळू केला, तर स्पीकर चक्क मुका! दुसऱ्या मोबाइलवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये पाहिलं, तर २०० च्या पुढे ६००, १०००, १४०० असे सुळके उभे. मी न सोडलेले सूर! हीच हार्मोनिक विकृती. २०० ला सा धरा. ६०० म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम, १००० म्हणजे त्याच्याही वरचा गंधार. हे दोघे निदान नात्यातले. १४०० मात्र कोमल निषादाच्याही किंचित खाली लोंबतो, पेटीच्या कुठल्याच पट्टीवर सापडत नाही. शिवाय दोन सूर एकदम गेले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे आणखी नवे सूर जन्मतात. म्हणजे ऑर्गन आणि गायक एकत्र असले की किती घाण मिसळत असेल!

आता ती वायर. स्पीकरवर जे पोचलं त्याचा दहावा हिस्सा ती आयसीच्या दोन नंबरच्या पायावर परत आणते. मूळ सूर तीन नंबरवर असतो. आयसी त्यातून आलेलं वजा करतो आणि उरलेला फरक प्रचंड वाढवतो. यालाच फीडबॅक म्हणतात. माइक शिट्टी मारतो तोही फीडबॅकच, पण तिथे परतलेला आवाज मिळवला जातो. इथे वजा होतो. जुन्या जोडणीत आयसी फक्त स्वतःचंच काम तपासत होता, ट्रान्झिस्टर पुढे काय करतात ते त्याला दिसतच नव्हतं.

खरा धक्का ऑसिलोस्कोपवर बसला. स्पीकरवरची लाट गुळगुळीत. आणि सहा नंबरच्या पायावरची? मोडकी! शून्यापाशी ती ताडकन उडी मारते, सुमारे १.२ व्होल्टची. ट्रान्झिस्टर जिथे झोपतात, नेमका तेवढाच टप्पा ओलांडणारी. म्हणजे पुढची विकृती खोडून निघावी म्हणून आयसी स्वतः बरोबर उलट विकृती तयार करत होता! त्याला ट्रान्झिस्टरचं काही शिकवलेलं नाही. नुसती वजाबाकी. मी ती उडी कितीतरी वेळ पाहत बसलो.

ही वजाबाकी सुचली हॅरोल्ड ब्लॅक यांना. २ ऑगस्ट १९२७ ची सकाळ, बेल लॅबोरेटरीजला जाताना हडसन नदीवरची फेरीबोट, हातात न्यूयॉर्क टाइम्स. त्याच्याच पानावर त्यांनी आकृती काढली. लांबच्या टेलिफोन लाइनीवर एकामागे एक ॲम्प्लिफायर, प्रत्येकाची विकृती पुढच्यात जाणार, हा त्यांचा घोर होता. मुद्दाम कमावलेली ताकद वजाबाकीत घालवायची, हे पेटंट कार्यालयाला पटायला १९३७ उजाडलं. त्या फेरीबोटीवर आपण असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

ताकद घालवायची म्हणजे किती? ७४१ ची मूळ ताकद साधारण दोन लाख पट, मी वापरतो दहा पट. पण ती दोन लाखांची चैन फक्त अगदी संथ लाटांपुरती. १००० हर्ट्‌झला हजार पटच उरते, म्हणजे विकृती शंभरेक पट घटते. १०,००० हर्ट्‌झला ती जेमतेम दहा पटच घटते. वरून ती उडी मारायलाही आयसीला दोन-तीन मायक्रोसेकंद लागतात. उंच सुरांत किंचित खरखर राहते ती यामुळेच.

आमच्याकडे पूर्व विदर्भात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. दिवसा शंकरपटात बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, रंगमंचावर वरून टांगलेले माइक. आता माझे कान तिथे दोन गोष्टी शोधतात. एक, नायिकेचं कुजबुजणं. जुन्या जोडणीतला माझा स्पीकर तिथे मुकाच राहिला असता. दुसरी, खलनायकाची आरोळी. आवाज पूर्ण पिळलेला असेल तर लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि तिथे फीडबॅकचं काही चालत नाही. मागायला पुरवठ्यात व्होल्टच उरलेले नसतात. उलट तो शेवटपर्यंत लाट सावरून धरतो, त्यामुळे कापलेली कड जास्तच धारदार होते. म्हणून मंडपाला मोठा ॲम्प्लिफायर आणावा आणि त्याचा आवाज अर्ध्यावर ठेवावा.