मासळीच्या खोक्यातली पिल्लं

श्रावण लागला की कोकणातल्या बऱ्याच घरांत अंडी खाणं बंद होतं, पण कोंबड्यांचं घालणं चालूच असतं. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत त्या दिवसांत घरोघरी टोपलीत अंडी साठतात आणि खुडूक कोंबडीची शोधाशोध सुरू होते. गावठी कोंबडी एका वेळी दहा-बारा अंडी रवणीला घेते, २१ दिवस बसते आणि नंतर दोन-अडीच महिने पिल्लांमागे फिरते. तेवढा काळ तिचं अंडी देणं थांबतं. वर्षाला जेमतेम ५०-६० अंडी देणाऱ्या कोंबडीच्या बाबतीत हे फार होतं. पावसाळ्यात मुंगूस आणि धामण खुराड्याभोवती फिरत असतात, ती धास्ती वेगळीच. यंदा एकही कोंबडी बसायला तयार नव्हती, म्हणून आम्ही घरीच उबवणीयंत्र केलं.

यंत्र म्हणजे बंदरावरून आणलेलं, मासळी बर्फात भरून पाठवतात ते थर्मोकोलचं खोकं. ते सोड्याच्या पाण्यानं धुऊन, वास जाईपर्यंत उन्हावाऱ्यात ठेवलं. आत ४० वॉटचे दोन पिवळे बल्ब (एक गेला तर दुसरा असावा म्हणून दोन), जुन्या संगणकातला छोटा पंखा, आणि बल्ब चालू-बंद करणारा डब्ल्यू १२०९ नावाचा थर्मोस्टॅट. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात तो सहज मिळतो. झाकणाला काचेची खिडकी, बाजूंना हवेसाठी भोकं. पंखा असलेल्या खोक्यात तापमान ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सियस हवं. स्वस्तातला थर्मोस्टॅट अर्धा-एक अंश इकडेतिकडे दाखवू शकतो आणि इथे अर्धा अंशही महत्त्वाचा असतो. पडताळणीला घरातला ताप मोजायचा थर्मामीटर उत्तम, कारण नेमक्या याच टप्प्यात अचूक मोजण्यासाठी तो बनवलेला असतो.

इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्यांतून हजारो अंडी उबवण्याची कला दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तिथले कारागीर अंडं पापणीला लावून ऊब जोखत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूरनं १७४९ साली या विषयावर पुस्तक लिहिलं, तेव्हा युरोपात अशी उबवणी रुजवण्याची त्याची धडपड चालू होती. मीही अंडं पापणीला लावून पाहिलं. बोटांना नुसतं कोमट वाटणारं अंडं पापणीवर किती गरम आहे ते लगेच कळतं.

अंडी निवडताना आकारानं सारखी, तडा नसलेली, आठवड्याच्या आतली घेतली. ती धुवायची नसतात. कवचावर नैसर्गिक पातळ लेप असतो, तो गेला की जंतूंना वाट मोकळी होते. टोकदार बाजू खाली आणि रुंद बाजू वर, कारण रुंद बाजूला हवेची पोकळी असते आणि पिल्लू पहिला श्वास तिथेच घेतं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल, म्हणजे फिरवलेलं कोणतं आणि राहिलेलं कोणतं ते दिसतं. कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं अंडी उलटते. माणसानं निदान तीन ते पाच वेळा तरी ती फिरवायला हवीत, नाहीतर वाढणारा गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो.

इथवरची माहिती कोणीही सांगतं. पहिल्यांदा अंडी लावणारा माणूस मात्र डोळे तापमानाच्या आकड्यावर लावून बसतो आणि पाण्याचा विचार करत नाही. माझ्या मते घरगुती उबवणीतला सगळ्यात नाजूक भाग पाण्याचा आहे. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांतून अंड्यातलं पाणी सतत उडत असतं. ते उडायलाच हवं. १८व्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२-१३ टक्क्यांनी उतरावं लागतं, तेव्हाच हवेची पोकळी पिल्लाला पुरेशी होते. पाणी कमी उडालं तर पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच गुदमरतं. जास्त उडालं तर पडदा सुकून पिल्लाला चिकटतो आणि त्याला वळता येत नाही.

म्हणून यंत्रात पाण्याची वाटी ठेवा असं सगळीकडे सांगतात. पहिले १८ दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी, हा त्यामागचा आकडा. पण श्रावणातल्या कोकणात बाहेरची हवा २७ अंशांची आणि ९० टक्के दमट असते. तीच हवा खोक्यात ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची पाणी सामावण्याची ताकद वाढते आणि सापेक्ष आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पाणी न ठेवताच काम भागतं! तेच खोकं एप्रिलमध्ये सोलापुरात ठेवलं, बाहेर ३५ अंश आणि २० टक्के आर्द्रता असली, तर आत जेमतेम १७ टक्के भरेल. तिथे पहिल्या दिवसापासून पाणी लागणारच.

शेजारच्या आजींना हे काही केल्या पटेना.

"अगं, कोरड्यात कशी फुटतील? कोंबडीच्या पोटाला ओल असते."

"आजी, आपण रोज वजन करू. उतरलं नाही तर तुम्ही म्हणाल ते करू."

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा खोक्याशेजारी आला. ४० ग्रॅमचं गावठी अंडं १८व्या दिवशी ३५च्या जवळ यायला हवं, म्हणजे चार दिवसांत सुमारे एक ग्रॅम. ग्रॅमच्या दशांशापर्यंत दाखवणारा काटा असला तर हे दिसतं. आजी चष्मा लावून आकडा वाचायच्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायच्या. आकडे ठरल्या वाटेनं उतरत गेले आणि वाटी बाहेरच राहिली.

सातव्या रात्री घरातले दिवे घालवले आणि पुठ्ठ्याच्या नळीतून मोबाइलचा प्रकाश अंड्यांवर सोडला. न फळलेली अंडी आतून एकसारखी पिवळी, स्वच्छ दिसतात. ती आम्ही बाजूला काढली. फळलेल्या अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या होत्या आणि मधोमध एक काळा ठिपका होता, पिल्लाचा डोळा. तो हलत होता. प्रकाश पडला की सरकायचा, पुन्हा वर यायचा. एकात शिरा नव्हत्या, फक्त रक्ताचं कडं होतं. म्हणजे गर्भ सुरुवातीलाच गेलेला. अ‍ॅरिस्टॉटलनं अंडी फोडून ही वाढ पाहिली होती. तीन दिवसांच्या अंड्यात रक्ताच्या ठिपक्यासारखं हृदय उडताना दिसतं, हे त्यानं नोंदवून ठेवलं आहे. आज त्यासाठी अंडं फोडावं लागत नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

वीज दोनदा गेली, एकदा बराच वेळ. खोक्यावर गोधडी टाकली आणि झाकण उघडलं नाही. कोंबडीसुद्धा दाणापाण्यासाठी रोज पंधरा-वीस मिनिटं उठतेच, आणि दुसऱ्या आठवड्यानंतर अंड्यातला जीव स्वतः उष्णता सोडू लागतो. गारव्यापेक्षा अतिउष्णता जास्त घातक असते, म्हणून वीज आल्यावर आकडा वर उडी मारत नाही ना, याकडे लक्ष द्यावं लागतं.

१८व्या दिवशी फिरवणं थांबलं. आता उलट हवं होतं: आर्द्रता ६५ ते ७० टक्के, म्हणजे चोच मारताना पडदा ओला राहील. ओला स्पंज आत गेला आणि झाकण बंद झालं. विसाव्या दिवशी संध्याकाळी खोक्यातून बारीक चिवचिव ऐकू आली, कवच अजून अखंड असताना. पिल्लानं आतला पडदा फोडून पोकळीत चोच घातली की ते श्वास घेऊ लागतं आणि आवाज काढतं. रात्री एका अंड्याच्या रुंद बाजूला टाचणीएवढा टवका उडाला. आणि मग कितीतरी तास काहीच नाही.

इथे माणसाचे हात शिवशिवतात. माझी धाकटी रडकुंडीला आली होती, "आई, त्याला बाहेर काढ ना!" पण पिल्लू थांबतं ते थकून नव्हे. त्या वेळात पडद्यातल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त पिल्लाच्या शरीरात जातं आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. घाईनं कवच सोललं तर रक्तस्राव होतो. सकाळी त्यानं गोल फिरत कवचाला कडेकडेनं चिरा पाडल्या, पायानं रेटा दिला आणि वरची टोपी उचलली गेली. ओलं, काळपट, मान न पेलणारं पिल्लू बाहेर पडलं. चोचीच्या टोकावर पांढरा कण होता. कवच फोडायचा तो दात काही दिवसांत गळतो.

पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस निघतं, एकदिवसाची पिल्लं लांबवर पाठवता येतात ती यामुळेच. म्हणून खोकं लगेच उघडलं नाही. सगळी कोरडी, फुललेली झाल्यावर त्यांना तुसाच्या थरावर, डालग्याखाली बल्बच्या उबेत ठेवलं. तिथे पहिल्या आठवड्यात ३५ अंश लागतात, नंतर दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करायचे. पिल्लं बल्बखाली गर्दी करून बसली तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला पळून चोच वासत असतील तर उकडतं आहे. पहिलं पाणी गुळाचं, मग मक्याचा भरडा. प्रत्येकाची चोच एकदा पाण्याला लावावी लागते, कारण दाखवायला आई नाही. दाणा मात्र ती आपणच टिपतात. सातव्या दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून मानमोडी रोगावरची लासोटा लस बर्फात आणून डोळ्यांत एकेक थेंब घातला. मानमोडी वाडीत शिरली तर लस न दिलेलं खुराडं रिकामं होतं.

न फुटलेली अंडी २३व्या दिवशी अंगणाबाहेर नेऊन फोडली. ही पाहणी सोडू नये, पुढच्या खेपेची माहिती तिथेच मिळते. दोन गर्भ लवकर थांबलेले होते; ओल्या पडद्यात गुदमरलेलं एकही नव्हतं. आजींनी ते स्वतः वाकून पाहिलं.

खोकं आता त्यांच्या पडवीत आहे, काट्यासकट. त्यांची लेक सोलापूरला असते. तिथेही असं यंत्र करायचं म्हणून तिनं फोनवर कृती विचारली. आजींनी तिला सांगितलं, "तुझ्याकडे वाटी लागेल. एक ठेव, वजन बघ, मग दुसरी ठेवायची का ते ठरव."