लाइट आली खोपोलीहून!

लोणावळ्याचा प्लॅन म्हटलं की आपली यादी ठरलेली. भुशी डॅम, टायगर पॉइंट, गरमागरम मॅगी, मक्याचं कणीस, निघताना चिक्कीची चार पाकिटं आणि मग एक्स्प्रेस वेवर दोन तासांचा जाम. पावसाळ्यातल्या रविवारी तर अर्धी मुंबई आणि अर्धं पुणं त्या एकाच धबधब्याखाली उभं असतं. म्हणून या वीकेंडला एक वेगळा रूट सुचवतोय. यात धबधबा नाही, म्हणजे आहे, पण तो पाइपात आहे!

गाडी एक्स्प्रेस वेवर न घालता जुन्या हायवेने खोपोलीत आणा. गाडी नसेल तर कर्जतमार्गे येणारी खोपोली लोकल आहेच. गावात पोचलात की घाटाच्या दिशेनं मान वर करा. सह्याद्रीच्या कड्यावरून सरळ खाली उतरणारे जाडजूड पाइप दिसतील. हजारदा या रस्त्याने जाणारेसुद्धा 'काहीतरी पाण्याची लाइन असेल' म्हणून सोडून देतात. पाण्याचीच लाइन आहे ती, पण तिच्या खालच्या टोकाला वीजघर आहे आणि ते १९१५पासून सुरू आहे. मुंबईतल्या गिरण्या एकेकाळी या पाण्यावर चालल्या.

पण मुंबईत वीज यायची सुरुवात त्याच्याही बरीच आधी झाली होती, आणि ती सुरुवात चक्क फसली होती. स्थळ : क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. साल १८८२. शहरात विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते इथे, भाजी आणि फळांच्या गाळ्यांवर. पुढच्याच वर्षी पालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार केला. मार्केटमध्ये आणि आजूबाजूच्या काही रस्त्यांवर विजेचे दिवे लागणार होते. वर्षभरात कंपनीच दिवाळखोरीत निघाली आणि मार्केट निमूटपणे पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आलं. आजच्या भाषेत सांगायचं तर स्टार्टअप बुडालं!

गंमत म्हणजे टेलिफोनचंही साल तेच. २८ जानेवारी १८८२ला कोलकाता, मुंबई आणि मद्रास या तिन्ही शहरांत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. सरकारी नव्हे, ओरिएंटल टेलिफोन कंपनीची. कोलकात्यात तेव्हा एकूण ग्राहक होते ९३. म्हणजे आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर याहून जास्त माणसं असतील. फोन उचलायचा, एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला कोण हवंय ते सांगायचं आणि तो हातानं तार जोडून द्यायचा. फोन घेणारे कोण? व्यापारी, बँका, गोदी आणि सरकारी कचेऱ्या. घरात फोन ही कल्पना अजून लांब होती. मुंबईची टेलिफोन सेवा सरकारने ताब्यात घेतली ती थेट १९४३मध्ये, आणि मुंबईतून लंडनला बोलायची रेडिओफोनची सोय १९३३मध्ये झाली. त्यातली खडकी आणि दौंडच्या वायरलेस केंद्रांची कामगिरी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

फरक लक्षात घ्या. टेलिफोन थोडक्यांसाठीच होता आणि थोडक्यांवरच त्याचं भागत होतं. विजेचं तसं नाही. मूठभर बंगल्यांसाठी वीजघर बांधून पोट भरत नाही. ताजमहाल हॉटेलने १९०३मध्ये स्वतःची वीज बनवून झगमगाट केला, तो हॉटेलपुरता. शहराला वीज द्यायची तर ती दिवसभर खाणारं कोणीतरी मोठं गिऱ्हाईक हवं. ते मिळालं ट्रामच्या रूपात. मुंबईत घोड्यांच्या ट्राम १८७४पासून धावत होत्या. १९०५मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. कंपनीचं नाव नीट वाचा, वीज आणि ट्राम एकत्रच आहेत! हीच आपली 'बेस्ट'. वाडीबंदरला ४,३०० किलोवॅटचं कोळशावरचं वीजघर झालं आणि ७ मे १९०७ला पहिली विजेची ट्राम निघाली. कुलाब्याला 'इलेक्ट्रिक हाऊस' स्टॉपवर बस पकडणाऱ्यांनी कधीतरी त्या नावाचा विचार करावा. बसच्या ऑफिसला असं नाव का, त्याचं उत्तर इथे आहे. ट्राम १९६४मध्ये गेल्या. वीज राहिली.

आता मुंबईतलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक : गिरण्या. शेकड्यांनी बॉयलर, धूर ओकणाऱ्या चिमण्या आणि कोळसा हजार-दोन हजार किलोमीटरवरून आणायचा, नाहीतर बोटीने मागवायचा. जमशेटजी टाटांच्या डोक्यात पश्चिम घाटातल्या पाण्यावर वीज बनवायची कल्पना घोळत होती. डेव्हिड गॉस्टलिंग या आर्किटेक्टने ती पुढे रेटली. जमशेटजी १९०४मध्ये गेले, पण त्यांच्या मुलांनी काम सोडलं नाही. नोव्हेंबर १९१०मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. भांडवल इथेच उभं राहिलं, संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी पैसे घातले. ८ फेब्रुवारी १९११ला गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांनी लोणावळ्यात कोनशिला बसवली आणि बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ला लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीज सुरू झाली. डेडलाइन पाळणं म्हणतात ते हे.

हा सगळा खटाटोप कळायला खोपोलीतून घाट चढून लोणावळ्यात या. भुशीला नको, तो रेल्वेने आपल्यासाठी बांधलेला. वळवणच्या तलावाकडे जा. वळवण, शिरवता आणि लोणावळा या तीन तलावांचं पाणी मिळून खोपोलीचं वीजघर चालतं. घाटमाथ्यावर पाऊस धो धो पडतो, पण चारच महिने. गिरणी मात्र बारा महिने चालायला हवी. म्हणून चार महिन्यांचं पाणी कोंडून ठेवायचं आणि वर्षभर जपून वापरायचं. हे पाणी मुळात इंद्रायणीत, तिथून भीमेत, पुढे कृष्णेत, म्हणजे पूर्वेच्या समुद्राकडे जाणारं. ते अडवून पश्चिमेला वळवलं, कालव्याने कड्यापर्यंत आणलं आणि पाइपातून ५०० मीटरहून जास्त खाली सोडून दिलं. नायगाऱ्यासारखं प्रचंड पाणी आपल्याकडे नाही, पण उंची आहे. थोडं पाणी, खूप उंची, त्यामुळे खाली येईस्तोवर त्याला इतका जोर येतो की साध्या नोझलमधून सुटलेला फवारा अवजड चाकं गरागरा फिरवतो. काम झालं की तेच पाणी पाताळगंगेत जातं आणि तिथून पुढे कोकणातल्या लोकांच्या आणि कारखान्यांच्या कामी येतं.

वीज तिथून तारांवरून सुमारे ७० किलोमीटर दूर परळला पोचायची. या विजेवर चालणारी पहिली गिरणी सिम्प्लेक्स. सात रस्त्याला तिच्या जागेवर आज उंच टॉवर आहे, वरच्या मजल्यावरून रेसकोर्स दिसत असेल. पुढे 'बेस्ट'नेही स्वतःची वीज बनवणं सोडलं आणि १९२६पासून टाटांकडून घ्यायला लागली. मुंबईकरांच्या पंख्यात घाटमाथ्याचा पाऊस फिरायला लागला तो असा.

इथे एक गोष्ट मात्र ब्रोशरमध्ये येत नाही. गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा कामगारांचं काय झालं? त्याआधी कामाचे तास सूर्य ठरवायचा. उजाडलं की सुरू, मावळलं की बंद. त्यामुळे उन्हाळ्यात दिवस मोठा आणि हिवाळ्यात थोडी सुटका. दिवे आले आणि १९०५च्या सुमारास काही गिरण्या दिवसाला पंधरा-पंधरा तास चालायला लागल्या. कामगार भडकले, संप झाले, चौकशा बसल्या आणि शेवटी १९११च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडून 'एकच मेल' पाठवणाऱ्यांनी या संपकऱ्यांना मनातल्या मनात एक सलाम ठोकायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशीचा रूट : मुळशी, ताम्हिणी, भिरा, कोलाड. हा रस्ता पावसात म्हणजे स्वर्ग. मोबाइलचं नेटवर्क अधूनमधून जातं, तेवढीच शांतता. मुळशीचा तलाव डाव्या-उजव्या बाजूला इतका लांबवर पसरलेला दिसतो की कॅमेरा बाहेर निघतोच. रिसॉर्टवाले त्याला 'लेक व्ह्यू' म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. हा लेक नैसर्गिक नाही. खोपोली यशस्वी झाल्यावर कंपनीने आंध्रा नदीवर धरण बांधून १९२२मध्ये भिवपुरीचं वीजघर सुरू केलं आणि पुढचा नंबर लागला मुळशीचा. मुळा आणि नीळा नद्यांच्या संगमाजवळ धरण, पाणी कोकणात भिऱ्याला. यात ५०हून जास्त गावांच्या जमिनी जाणार होत्या. भाताची खाचरं, घरं, देवळं, सगळं.

मावळ्यांनी नाही म्हटलं. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. बायका-पुरुष धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम बंद पाडलं. विनायकराव भुस्कुटे पुढे होते आणि थोड्याच दिवसांत पांडुरंग महादेव बापट. पारनेरचा हा माणूस, इंजिनीअरिंग शिकायला एडिनबर्गला गेलेला. म्हणजे धरण काय असतं आणि वीज कशी होते हे त्याला पुस्तकातून ठाऊक होतं, उगाच यंत्राला घाबरणाऱ्यांतला तो नव्हता. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. गांधीजींनी 'यंग इंडिया'त या लोकांची बाजू मांडली. या लढ्यातच बापटांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली.

पण गोष्ट 'चांगले गावकरी विरुद्ध वाईट कंपनी' इतकी सरळ नव्हती, आणि म्हणूनच ती वाचण्यासारखी आहे. बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या, कसत होते मावळे. सावकाराला जमीन गेली तर पैसे मिळणार होते, त्यामुळे त्याची नजर नुकसानभरपाईच्या आकड्यावर. कसणाऱ्याला पैसे नकोच होते, त्याला खाचर हवं होतं. एकाच सत्याग्रहात दोन वेगळ्या मागण्या, आणि लढा तिथेच मोडला, असं माझं मत आहे. राजकीय अभ्यासक राजेंद्र व्होरांनी यावर पुस्तक लिहिलंय, त्यात ते याला धरणविरोधी पहिलं आंदोलन म्हणतात, जगातलं. १९२४च्या अखेरीस बापटांनी शस्त्र घेऊन कामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षांसाठी तुरुंगात गेले. भिऱ्याचं वीजघर १९२७मध्ये सुरू झालं.

ताम्हिणी उतरून भिऱ्याच्या बाजूने कोलाडला या. तिथे रिव्हर राफ्टिंग आहे आणि ते उन्हाळ्यातही चालतं, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. मे महिन्यात सह्याद्रीतली नदी खळाळते कशी? तर ती कुंडलिका आहे आणि तिच्यात जे पाणी येतं ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं. वीज बनवायला पाणी सोडलं की राफ्ट निघतात, म्हणून बहुतेक बॅचेस सकाळी असतात. दुपारी आरामात उठून गेलात तर दगड बघून परत यावं लागेल. बुकिंग करताना पाणी किती वाजता सुटतंय ते विचारा. रात्री जवळच मुक्काम केला तर उत्तम. आणि वीजघरांच्या किंवा धरणांच्या आवारात घुसायचा प्रयत्न करू नका, परवानगीशिवाय सोडत नाहीत आणि सोडूही नये. बाहेरून जे दिसतं ते पुरेसं आहे.

सोमवारी ऑफिसला जाताना लोअर परळला उतराल. तुळशी पाइप रोडवर, जिथे रांगेने गिरण्या होत्या आणि आता मॉल, पब आणि काचेची ऑफिसं आहेत. पुणेकर असाल तर सिम्बायोसिसवरून विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिग्नलला थांबाल. व्हिजिटिंग कार्ड काढून पत्ता वाचा. दोन्ही रस्त्यांचं अधिकृत नाव एकच आहे : सेनापती बापट.